दुकान बंद झाल्यानंतरची रिंग

“माझा नंबर त्यात घालू नकोस गं. मी काही गिऱ्हाईक नाही,” आत्या म्हणाल्या होत्या, आणि मी हसले होते.

तेव्हा ते हसण्यासारखंच होतं. दुकानाच्या फोनवर मी नवी सोय करत होते. बाबांनी संध्याकाळी शटर ओढलं, की त्यानंतर येणारा प्रत्येक फोन एकदा वाजून आपोआप कापला जाणार आणि समोरच्याला निरोप जाणार, दुकान बंद आहे, सकाळी बोलू. आत्यांचा फोन साधा, बटणांचा. निरोप वाचायचा तर चष्मा शोधावा लागे, म्हणून त्या निरोपांच्या वाटेलाच जात नसत. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तरी फोनवर कुठे बोलता, तुम्ही एक रिंग देता आणि बाबा ती कापतात. आता फोनच कापेल, बाबांच्या अंगठ्याला तेवढाच आराम. त्यावर आत्याही हसल्या. शिकलेल्या सुनेपुढे आपण काय बोलणार, म्हणाल्या, आणि माझ्या मुलीला, चिमणीला, मांडीवर घेऊन बसल्या.

एका रिंगची ती पद्धत माझ्या लग्नाआधीपासूनची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबा म्हणजे माझे सासरे, कुलपांच्या दुकानाचे मालक आणि सबंध गल्लीचे चावीकाका. यजमान गेल्यावर आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकट्याच राहिल्या. इथे येऊन राहा म्हटलं की म्हणायच्या, “पाहुणी आहे तोवरच गोड आहे मी.” भावाबहिणीचा एकमेकांवर जीव, पण फोनवर बोलणं दोघांनाही जमत नसे. दोघं एकदम ‘हॅलो’ म्हणून ओरडायची आणि मग दोघं एकदम गप्प. शेवटी त्यांनी आपसात ठरवून टाकलं. संध्याकाळी आत्यांनी एक रिंग द्यायची, म्हणजे मी ठीक आहे. बाबांनी ती कापायची, म्हणजे कळलं. एका हाताने शटर ओढता ओढता बाबांचा दुसरा अंगठा त्या बटणावर जायचा. “ताईसाहेबांची हजेरी लागली,” एवढं म्हणून ते घरात यायचे.

घर दुकानाच्या मागेच. मध्ये एक दार. त्या दारावरून आमच्याकडे जितके वाद झाले तितके दुसऱ्या कशावरून झाले नसतील. मोबाईल आला आणि गिऱ्हाईक त्या दारातून थेट ताटापर्यंत आलं. चावी आत राहिली, कुलूप अडकलं, कपाट उघडेना. माणूस आपल्याच दाराबाहेर उभा असला, की दुसऱ्याच्या घरी आता जेवणं चालू असतील हे त्याला सुचत नाही. बाबा हातातला घास ठेवून उठायचे. मी चिमणीला घेऊन इस्पितळातून घरी आले त्या दुपारी बाबांनी तिला पहिल्यांदा हातात घेतलं, आणि मान वाकडी करून, खांद्यात धरलेल्या फोनवर ते कुणाला तरी दाराची जाडी विचारत होते. सासूबाईंनी तो फोन बाबांच्या खांद्यातून काढून घेतला, दुकानात नेला आणि जुन्या चाव्यांच्या ट्रेमध्ये ठेवून आल्या. फोन दुकानाचा आहे, तो दुकानातच झोपेल, असा हुकूम सुटला.

भावजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, ते पटलं नव्हतं. दुकानात बाबांच्या बरोबरीने तेच उभे असतात. कोपऱ्यावरचा नवा चावीवाला केव्हाही हाक मारली तरी धावतो, आपण दार लावून बसलो तर माशा मारायची पाळी येईल, असं त्यांचं म्हणणं. माझा नवरा आईच्या बाजूने होता आणि मी तर होतेच. पण बंद दारापलीकडेही फोन वाजत राहायचा आणि चिमणी दचकून उठायची. ती पुन्हा झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत बसायचे, ही माझी जुनी खोड. त्या वाजण्यावर उपाय म्हणून मी ती सोय केली. बाबा तर हरखले. कुणाला ‘नाही’ म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं, आणि आता फोन परस्पर ‘नाही’ म्हणत होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने सांगायचे, की आमच्या सुनेने फोनलाच कुलूप बसवलंय, हे काम मलाही येत नाही.

आत्यांची रिंग कधी शटरच्या आधी यायची, कधी नंतर. नंतर आली तर बाबा सकाळी दुकान उघडल्यावर फोनवर त्यांचा नंबर बघायचे आणि मान हलवायचे. हजेरी लागलेली असायची.

त्या सकाळीही त्यांनी तशीच मान हलवली. हातातला फोन ते खाली ठेवणार तोच तो वाजला. आत्यांच्या शेजारच्या शिवणवाल्या बाई बोलत होत्या. आत्या पडल्यात, खिडकीतून दिसताहेत, दाराला आतून कुलूप आहे. आत्यांच्या दाराची जादा चावी दुकानात खिळ्याला टांगलेली असे. ती घेऊन बाबा आणि भावजी धावले. न्हाणीघराच्या दाराशी आत्या कुशीवर पडलेल्या होत्या, पण शुद्धीवर होत्या. बाबांना बघून त्या हसल्या आणि म्हणाल्या, “उशीर केलास रे. गिऱ्हाईक होतं वाटतं?”

त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. इस्पितळात त्यांनी डोळे उघडले नाहीत, आणि डॉक्टरांनी आम्हाला फार आशा दाखवलीही नाही.

सगळं आटोपल्यानंतरच्या दुपारी आम्ही मागच्या खोलीत जमलो होतो. दुकान बंदच होतं. आत्यांच्या खोल्या रिकाम्या करायच्या होत्या, सामानाचं काय करायचं ते ठरवायचं होतं, पण त्यातलं काहीच ठरत नव्हतं, कारण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा तीच गोष्ट पहिल्यापासून सांगत होते. आदल्या संध्याकाळी ताईची रिंग आली होती बरं का. म्हणजे ठीक होती. सकाळी पाय घसरला, आणि फोन आल्या आल्या मी निघालो. चहा उकळायलाही वेळ लागतो, तेवढाही लावला नाही. आणि तशा अवस्थेत तिला चेष्टा सुचते बघा, विचारते कशी, गिऱ्हाईक होतं वाटतं. इथे आले की बाबा हसायचे, आणि हसता हसता त्यांचा चेहरा मोडायचा. मग पुढचा माणूस आला की पुन्हा आदल्या संध्याकाळपासून सुरुवात. पाठीला भिंत लागते तशी ती गोष्ट त्यांना लागत होती. ती होती म्हणून ते बसू शकत होते.

शिवणवाल्या बाई एक पिशवी घेऊन आल्या. आत्यांचा चष्मा, शाल, फोन. बाबांशी दोन शब्द बोलल्या आणि पाणी प्यायच्या निमित्ताने माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या. पेला हातात धरून उभ्या राहिल्या, पाणी मात्र प्यायल्या नाहीत. तुमचे सासरे सगळ्यांना सकाळचं सांगताहेत, म्हणाल्या, पण ते सकाळचं नाही हो. आत्या आदल्या संध्याकाळीच पडल्या होत्या, फोन त्यांच्या हाताशीच होता. बाई सकाळी खिडकी झाडताना त्यांना आत्या दिसल्या. घाबरून त्यांनी विचारलं, अहो, हाक का नाही मारली, मी भिंतीपलीकडेच तर होते.

“तर काय म्हणाल्या माहितीये?” बाईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं. “म्हणाल्या, काळजी नको, कालच भावाला कळवलंय. त्याने फोन कापला, म्हणजे त्याला कळलंय. तो येतोच आहे.”

चिमणी माझ्या कडेवर होती. मी तिला जमिनीवर ठेवलं.

बाई गेल्यावर मी नवऱ्याला आत बोलावून सगळं सांगितलं. तो ओट्याला टेकून ऐकत राहिला. मग त्याने पहिलं काय केलं असेल, तर स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. बाबांना यातलं अक्षर कळता कामा नये, म्हणाला. आत्या तर गेली, आता निदान बाबा तरी राहू देत. मी म्हटलं, त्या बाई शेजारीच राहतात, खोल्या रिकाम्या करायला बाबा जातील, आज ना उद्या त्यांच्या कानावर जाईलच. तो म्हणाला, तेव्हाचं तेव्हा.

दार पुन्हा उघडलं आणि भावजी आत आले. वर्षभर हा माणूस सांगत होता, की फोन असा बंद करून ठेवू नका, कधीतरी महागात पडेल. आता ते तेच ऐकवणार, असं मला वाटलं. पण भावजींनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, की मला त्या सकाळीच कळलं होतं.

“बाबा कुलूप उघडून आत्याकडे धावले, मी मागे होतो,” ते म्हणाले. “खोलीतला दिवा चालू होता, वहिनी. लख्ख उजेडात दिवा, म्हणजे संध्याकाळपासूनचा. बाबांनी वर बघायच्या आत मी बटण बंद केलं.”

तेव्हापासून इस्पितळात, आणि त्यानंतरही, हे एवढं ओझं घेऊन ते एकटेच फिरत होते, आणि मी त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ ‘बघा, मी सांगत होतो ना’ असा लावत होते. दोघे भाऊ त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी एका बाजूला उभे होते. बोलायचं नाही. मीही मान डोलावली, पण ती डोलावताना मला आत्यांची मांडी आठवत होती, आणि तिच्यावर बसून त्यांच्या बांगडीशी खेळणारी माझी मुलगी.

सासूबाईंना आम्ही काही सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही हे मला बऱ्याच महिन्यांनी कळलं. शिवणवाल्या बाई स्वयंपाकघराकडे वळल्या तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. मागच्या खोलीत बसून त्या मनात एकच हिशेब करत होत्या, की फोन खांद्यातून कुणी काढला, दुकानात कुणी ठेवला. सुनेने फोनला कुलूप घातलं, पण फोनला घराबाहेर आपण काढलं. आणि तरीही, त्यांनी मला सांगितलं, त्यांना पश्चात्ताप करता येत नव्हता. अख्खा संसार झाल्यावर त्यांना नवऱ्याबरोबर सलग एक जेवण मिळू लागलं होतं. ते जेवण चूक होतं असं त्यांचं मन म्हणेना, आणि ते म्हणत नाही याचीच त्यांना लाज वाटत होती.

भेटायला येणारे थांबले. बाहेर दिवे लागले. चिमणी बाबांच्या पायाशी त्या पिशवीतून एकेक वस्तू काढत बसली होती. तिने चष्मा काढला, तो मी घेतला. मग तिने फोन काढून बाबांच्या गुडघ्यावर ठेवला.

बाबांनी तो उचलला. बटणांवरचे आकडे पुसट झाले होते, एकाच बटणावरचा आकडा पार गेला होता. एक बटण दाबून धरलं की दुकानाला फोन लागेल, असं त्यांनीच बहिणीला करून दिलं होतं.

“हिची रिंग मी नेहमी इकडून ऐकली,” ते म्हणाले. “एकदा तिकडून ऐकतो.”

माझा नवरा उठला. बाबा, राहू द्या ना, म्हणाला. भावजीही पुढे झाले, त्या फोनची बॅटरी संपली असेल वगैरे काहीतरी बोलले. बाबांनी दोघांकडे पोरंच आहेत अशा नजरेने पाहिलं आणि ते बटण दाबून फोन कानाला लावला.

बंद दारापलीकडे, अंधाऱ्या दुकानात, जुन्या चाव्यांच्या ट्रेमध्ये फोन वाजला. पत्र्याच्या ट्रेमुळे चाव्याही थोड्या थरथरतात, तो आवाज आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. एकदा वाजला. मग थांबला.

बाबांच्या कानाशीही तो थांबला असणार. मग त्यांनी फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तेच बटण दाबलं. दुकानात एक रिंग वाजली, चाव्या थरथरल्या, आणि पुन्हा शांत.

“मीच कापल्यासारखं वाटतं,” ते म्हणाले.

चिमणीला वाटलं खेळ चाललाय, ती हात पुढे करून फोन मागत होती.

बाबांनी दोन्ही मुलांकडे पाहिलंच नाही. सासूबाईंकडे पाहिलं, आणि त्या खाली बघत होत्या. मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बोलणं सोपं गेलं असतं.

“पोरी, शिवणवाल्या बाई आत काय बोलल्या?”

नवरा मागून माझं लक्ष वेधायचा प्रयत्न करत होता. मला तो दिसत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

मी सांगितलं. आत्या संध्याकाळी पडल्या. त्यांनी फोन केला. तो कापला गेला. भावाला कळलंय, तो येतोच आहे, असं म्हणून त्यांनी मग कुणालाच हाक मारली नाही. हे सांगताना मी शब्द निवडायचा प्रयत्न केला, पण निवडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बाबा बराच वेळ फोनवरच्या त्या पुसलेल्या बटणावर अंगठा फिरवत राहिले.

“बरोबरच आहे तिचं,” शेवटी म्हणाले. “आमचं तसंच ठरलेलं होतं. कापला, म्हणजे कळलं.”

मग कुणाला उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, “म्हणजे ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच वाटलं, मी गिऱ्हाइकाकडे अडकलोय.”

तिथे सासूबाईंचा बांध फुटला. त्यांना मी आजवर रडताना पाहिलं नव्हतं. फोन मी घराबाहेर काढला, मला बोला, असं त्या म्हणत होत्या. भावजी दिव्याचं सांगू लागले, मी तेव्हाच बोलायला हवं होतं, म्हणाले. नवरा म्हणाला, नंबर वेगळा ठेवायला मीही सांगू शकलो असतो. प्रत्येकजण त्या दोषातला मोठा वाटा आपल्याकडे ओढत होता, आणि माझा वाटा कुणी मागतच नव्हतं. मी म्हटलं, त्यांनी मला सांगितलं होतं, बाबा. मी गिऱ्हाईक नाही असं त्या मला म्हणाल्या होत्या.

बाबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं एकदम बोलू लागली की ते असाच हात वर करतात.

“दुकान वेळेवर बंद करणं काही पाप नाही,” ते म्हणाले. “तुझी सासू बरोबर होती. तूही बरोबर होतीस. मी तिला एकदा तरी विचारायला हवं होतं, की ताई, एका रिंगेत मावणार नाही असं काही झालं तर काय करशील?”

त्यांनी ते विचारलं असतं तर आत्यांनी काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत आहे. त्या म्हणाल्या असत्या, तसं काही होत नाही रे, आणि विषय संपला असता. पण हे मी बाबांना सांगितलं नाही.

दुकान पुन्हा उघडलं. मी ती सोय काढून टाकायला निघाले होते. बाबांनी काढू दिली नाही. गिऱ्हाइकांनी सकाळी फोन करावा, म्हणाले, त्यांचं त्यात काही बिघडत नाही. भावजींनीही विरोध केला नाही. घरच्यांचे नंबर मी वेगळे केले, शिवणवाल्या बाईंचासुद्धा, आता उपयोग काय हे मला कळत असूनही. आत्यांचा फोन मात्र बाबांनी कुणाला दिला नाही. तो दुकानाच्या फोनशेजारी, त्याच ट्रेमध्ये असतो, आणि तो रोज भरून ठेवायला ते विसरत नाहीत.

एक गोष्ट तेवढी बदलली. शटर ओढल्यावर बाबा घरात येत नाहीत. दिवा न लावता स्टुलावर बसतात, हात ट्रेपाशी. सासूबाई ताट वाढून दार अर्धवट उघडं ठेवतात. त्या त्यांना बोलावत नाहीत. मी एकदा चिमणीला घेऊन हळूच डोकावले, तर त्यांचा अंगठा ट्रेच्या काठावर होता, कापायच्या तयारीत.

तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल, जे फार बोलत नाही, वेळच्या वेळी एक खूण पाठवतं आणि तुम्ही मान हलवून पुढे जाता. एखादी रिंग, रोज सकाळी मोबाईलवर येणारं फुलाचं चित्र, खिडकीतला दिवा. मी सांगते म्हणून नव्हे, आत्यांसाठी, हे पुस्तक आत्ता उपडं ठेवा आणि त्यांना फोन लावा. पूर्ण वाजू द्या. ठीक आहात ना, असं विचारू नका. त्याला ‘ठीक’ हेच उत्तर येतं. आज काय जेवलात ते विचारा, चष्मा कुठे ठेवलाय ते विचारा, त्यांचा आवाज थोडा वेळ ऐका. उचलला नाही, तर उठून जा. घाई करू नका पुस्तकाकडे परत यायची. बाबा तिथेच स्टुलावर बसलेले असतील.